गाडीला ॲम्प बसवताना

मैंदर्गीच्या माझ्या धाकट्या भावानं गाडी विकली तेव्हा घेणाऱ्यानं एकच अट घातली. डिकीतला तो डबा तेवढा काढून घ्या, म्हणाला, मला तिथं खताची पोती ठेवायचीत. भावाचं आडतीचं दुकान. त्याला माल ने-आण करायला पिकअप घ्यायची होती, म्हणून हौसेची गाडी विकायला निघालेला. त्यानं डिकीतला वूफर, त्याला जोर पुरवणारा ॲम्प्लिफायर आणि वायरींचं भेंडोळं असं सगळं बारदानात गुंडाळलं आणि मार्केट यार्डात आला तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी आणून टाकलं.

"अक्का, दाजींना दे," तो म्हणाला. "त्यांची गाडी नुसती उभीच हाय की. जरा आवाज तरी येऊ दे तिच्यातनं."

तो डबा गॅलरीत पडून राहिला. काळ्या गालिच्यासारखं कापड लावलेला, एवढा मोठा, की दोरीवरचे कपडे काढायला गेलं की दर वेळी त्याचा कोपरा नडगीला लागायचा. मी त्याच्यावर कधी बादली ठेवायची, कधी वाळवणाचं ताट. नवऱ्याला सांगायची, एकदाचं ते खाली तरी न्या. तो म्हणायचा, बघतो.

'बघतो' हे त्या वर्षातलं त्याचं सगळ्याच गोष्टींना उत्तर होतं. माझा नवरा औषध कंपनीचा माणूस, लोक एमआर म्हणतात तो. बॅग घेऊन दवाखान्याच्या बाहेर पेशंटांमध्ये बसायचं, डॉक्टरांनी आत बोलावलं की दोन मिनिटांत नव्या गोळीचं सांगायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोट, मैंदर्गी. मैंदर्गीतल्याच एका दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्या वडिलांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं होतं. उन्हातान्हातून आलाय आणि बूट बघा कसे पुसलेत, असं ते घरी येऊन म्हणाले होते. लग्न झाल्यावर मी सोलापुरात शाळेत लागले, तो फिरत राहिला. आधी मोटरसायकलवर, मग गाडीतून. अर्धा संसार त्या गाडीच्या पुढच्या सीटवर असायचा. डबा, छत्री, नमुन्याच्या गोळ्या, माझ्या आईनं दिलेली शेंगाचटणी.

आदल्या वर्षीच्या मार्चअखेरीला कंपनीनं दोन विभागांचा एक विभाग केला आणि त्याची नोकरी गेली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरी कुठं मिळणार? त्या दिवशी मी स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून रडले. तो नुसता उभा होता. मला वाटलं, धक्का बसलाय.

मग मी संध्याकाळी दहावीच्या मुलांची शिकवणी सुरू केली. शाळेत दिवसभर मराठी शिकवायचं, घरी येऊन चहा घेतला न घेतला की पुन्हा तेच. आवाज बसायचा. रविवारी पेपर तपासायचे. दमणं म्हणजे काय ते मला त्याआधी माहीत होतं असं मला वाटायचं. पण ते दमणं झोपल्यावर जायचं. हे जात नव्हतं. सकाळी डोळे उघडायच्या आधीच अंगात येऊन बसलेलं असायचं.

आणि गाडी खाली उभी. मी स्कूटरवर सगळीकडं जायची, उन्हात, पावसात, भाजीची पिशवी हँडलला अडकवून. त्याला म्हटलं, मला शाळेत तरी सोडा, तर तो म्हणायचा, बॅटरी उतरलीय. बॅटरी भरून आणली तर म्हणाला, टायर बघायला पाहिजेत. मग म्हणाला, एवढ्याशा अंतराला कशाला काढायची. मी बोलणं सोडून दिलं. माणूस घरी बसला की असा होतो, असं मैत्रिणी म्हणायच्या आणि मी मान डोलवायची. वर्ष होत आलं.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली. एका रविवारी मी अंघोळीहून आले तर गॅलरी मोकळी. खाली वाकून बघितलं तर नवऱ्यानं डबा गाडीच्या डिकीपाशी नेऊन ठेवलेला आणि तो शेजारी उभा राहून मोबाइलवर कसला तरी व्हिडिओ बघतोय. चला, मी म्हटलं, गॅलरीतून तर गेला.

एका दिवसात बसेल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर गाडीची मागची सीट पार्किंगमध्ये भिंतीला टेकवलेली. तिसऱ्या दिवशी आतलं पायपोस काढून वाळत घातलेलं. पुढच्या आठवड्यात डॅशबोर्डमधला टेप बाहेर आला आणि वायरींना लोंबत राहिला. मी यायची तेव्हा नवरा चारी दारं उघडी टाकून ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला असायचा. काम करताना क्वचितच दिसायचा. नुसता बसलेला. मांडीवर एखादी पक्कड.

तळमजल्यावरचे निवृत्त शेजारी, सगळे त्यांना काका म्हणायचे, ते प्लॅस्टिकची खुर्ची आणून तिथंच बसायचे. मला बघून म्हणायचे, "मॅडम, साहेब डीजे चालू करायलेत वाटतं. गणपतीत आपल्यालाच सुपारी."

मी हसायची आणि जिना चढायची. वर येऊन पंख्याखाली पडायची. एकेका पायरीला मनात यायचं, हा माणूस असा खेळत बसलाय आणि मी?

भांडण झालं ते आईच्या डोळ्यावरून. तिचा मोतीबिंदू पिकला होता, सोलापुरातल्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. भावाच्या पिकअपमध्ये तिला चढता येईना. ती एसटीनं आली, अक्कलकोटला गाडी बदलून, एकटी, एका डोळ्यानं दिसतंय म्हणत. मी शाळा सुटल्यावर स्टँडवर गेले. भर दुपार. तिला स्कूटरवर मागं बसवलं. नऊवारीत एका बाजूला बसलेली, एक हात माझ्या कमरेला, दुसऱ्या हातात पिशवी. विजापूर रोडला एक गतिरोधक मला दिसलाच नाही. ती उडाली आणि तिनं माझ्या ब्लाऊजला एवढ्या जोरात धरलं की शिवण उसवली. पडली नाही. पण "शिवा शिवा" म्हणत घरापर्यंत आली.

पार्किंगमध्ये नवरा गाडीत बसलेला.

आईला मी वर नेलं, पाणी दिलं, आडवं केलं. मग खाली आले. काका खुर्चीवर होते, तरी मी थांबले नाही.

"आज ती पडली असती."

तो गाडीतून उतरला. "सांगायचं नाही का? मी रिक्षा घेऊन आलो असतो."

"रिक्षा? घरात गाडी असताना?"

"गाडी उघडलीय ना सगळी."

"कुणी उघडलीय? महिना झाला. तुम्हाला हे बसवायचं पण नाही आणि गाडी नीट पण करायची नाही. उघडी ठेवायचीय नुसती."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी सहज रागात बोलले होते, पण त्याचा चेहरा कसनुसा झाला. काका खुर्ची उचलून आत गेले.

त्यानंतर चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो. आईला भाऊ एसटीनं येऊन घेऊन गेला, ऑपरेशन पंधरवड्यानं ठरलं होतं. मग एका सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर नवरा म्हणाला, "एक वायर घालायचीय. एकट्यानं होईना. येतेस का जरा?"

जायची इच्छा नव्हती. उन्हाची वेळ, पेपरांचा गठ्ठा तसाच. पण नाही म्हणायलाही ताकद लागते. मी साडीचा पदर खोचला आणि गेले.

काम असं होतं. ॲम्पला लागणारी वीज सरळ बॅटरीवरून घ्यावी लागते. बॅटरी पुढं बॉनेटखाली, ॲम्प मागं डिकीत. त्यासाठी बोटाएवढी जाड लाल वायर इंजिनाकडून गाडीच्या आत आणायची. इंजिन आणि आपण बसतो त्याच्यामध्ये एक पत्रा असतो. त्या पत्र्याला पेडलांच्या मागं एक भोक आणि भोकाला रबरी बूच. त्या बुचातून ती वायर पलीकडून यायची आणि मी अलीकडून ओढायची. त्यानं बॅटरीची काळी वायर आधी सोडवून ठेवली होती. दोनदा मला दाखवली. बघ, करंट कुठंच नाही, भिऊ नकोस.

मी ड्रायव्हरच्या बाजूला आडवी झाले. पाय दाराबाहेर, पाठ सीटच्या कडेवर, डोकं स्टिअरिंगच्या खाली क्लचच्या पेडलापाशी. तोंडावर धूळ पडत होती. एका हातात टॉर्च, एका हातात पक्कड. बॉनेट वर केलेलं, त्यामुळं तो मला दिसत नव्हता. आवाज मात्र त्या भोकातून येत होता, अगदी कानापाशी.

"हँगरची तार सरळ करून वायरीला बांधलीय. टोक दिसलं की धर."

"बरं."

खरखर झाली. काही दिसलं नाही.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही हो. तुम्ही वरती ढकलताय. खाली घ्या जरा."

असं किती तरी वेळ चाललं. माझी मान भरून आली. त्या बाजूला तो थांबला. मला वाटलं, घाम पुसतोय.

"ऐकू येतंय का तुला?" त्यानं विचारलं.

"येतंय की."

"मी गाडी काढत नाही ते बॅटरीमुळं नाही."

मी टॉर्च विझवली. का, ते माहीत नाही.

"मग?"

"भीती वाटते."

"कशाची?"

मग त्यानं सांगितलं. तुकड्यातुकड्यानं, मध्ये थांबत. मागच्या वर्षी ज्वारीची काढणी चालू होती तेव्हाची गोष्ट. तो मंगळवेढ्याहून परत येत होता. उतरती उन्हं. झोप आली नव्हती, चक्कर नव्हती. पण एकाएकी त्याला कळेना की आपण रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहोत. हात स्टिअरिंगवर आहेत हे दिसत होतं, पण ते आपले आहेत असं वाटत नव्हतं, म्हणाला. गाडी रस्ता सोडून खाली उतरली. तिथून एक बाई डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेऊन चालली होती. ती बाजूला उडी मारायला गेली आणि पडली. गाडी तिच्या पायापासून हातभर अंतरावर थांबली.

"लागलं तिला?" मी विचारलं.

"नाही. उठली. लुगडं झटकलं. आणि मलाच विचारायली, तुमाला लागलं न्हाय की? पाणी देऊ का? मी तिच्या पेंढ्या गोळा केल्या. डोक्यावर उचलून दिल्या. ती गेली. मी तिथंच बसून राहिलो. मग लई हळू आलो घरी."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? दुसऱ्या दिवशी परत जायचंच होतं. रोज गेलो. रोज घाम फुटायचा. आणि मग ते कंपनीचं पत्र आलं."

पलीकडं तो बॉनेटवर हात टेकून उभा असावा. पत्रा किंचित कुरकुरला.

"मला बरं वाटलं," तो म्हणाला. "तू स्वयंपाकघरात रडायलीस आणि मला बरं वाटायलंय. उद्या गाडी काढायची नाही, एवढंच डोक्यात. ते कसं सांगणार होतो तुला?"

मी तिथं पडले होते. स्टिअरिंगची खालची बाजू डोळ्यांसमोर, तिला चिकटलेला कसला तरी जुना डिंक. मला उठून जायचं होतं, पण त्या अवस्थेतून पटकन उठताही येत नव्हतं. वर्षभराच्या शिकवण्या आठवल्या, बसलेला आवाज, रडण्याचा तो दिवस. राग आला. आणि त्याच वेळी तो रस्त्याकडेला बसून राहिलेला दिसला, पुसलेले बूट मातीत. दोन्ही एकदमच. कशाला काय म्हणावं ते सुचेना.

"वायर ढकला," मी म्हणाले.

"हां."

"खालून. डावीकडं."

टॉर्च लावली. बुचाची चीर हलली आणि हँगरचं टोक बाहेर आलं, त्यावर काळी टेप गुंडाळलेली. मी पक्कडीनं धरलं.

"आलं."

"धर. सोडू नको. ओढ हळूहळू."

मी ओढत राहिले. लाल वायर माझ्या अंगावर, पोटावर, मांडीवर वेटोळ्यानं पडत गेली. मी उठून बसले तेव्हा तो दाराशी आला होता. आमची नजरानजर झाली. त्यानं माझ्या कपाळावरची धूळ पुसली आणि ग्रीस लावलं.

"डॉक्टरला दाखवलं?" मी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. जिल्ह्यातला एकेक डॉक्टर त्याला नावानिशी माहीत होता, आणि म्हणूनच तो कुणाकडं गेला नव्हता. ज्यांच्या समोर उभं राहून बोललो त्यांच्या समोर जीभ काढून कसं बसू, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याला घेऊन गेले. हा नको, तो नको, तिथं मला ओळखतात, असं करत शेवटी एका नव्यानं आलेल्या पोरगेल्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. रक्त तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, डोक्याचाही फोटो काढला. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला. किती दिवसांपासून ते सांगता येणार नाही, म्हणाल्या. बाकी काही सापडलं नाही. त्या दिवशी नेमकं काय झालं असेल तेही सांगता येणार नाही. "झोप कशी आहे? थकवा?" त्यांनी विचारलं, आणि दोघांपैकी कुणाला विचारलं ते न कळून आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. बाहेर आल्यावर त्यानं चिठ्ठी वाचली आणि कितीतरी दिवसांनी हसला. "ही गोळी आमचीच," म्हणाला. "वीस वर्षं हिचं कौतुक सांगत फिरलोय."

त्यानंतर कामाला वेग आला. म्हणजे, तो कामाला लागला. संध्याकाळी शिकवणीची मुलं गेली की मीही अर्धा तास खाली जायची. ॲम्प डिकीत वूफरच्या पाठीला स्क्रूनं बसवला. टेपच्या मागून आवाजाची बारीक वायर काढली. टेप चालू झाला की ॲम्पलाही जाग यावी म्हणून एक निळी वायर. काळी वायर डिकीतल्या एका बोल्टाला आवळली, अर्थिंगसाठी. लाल वायरीला बॅटरीपाशी फ्यूज. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. मी चिकटपट्टी कापून द्यायची, स्क्रू हातात ठेवायची, गालिचा धरायची. मान दुखायची. पण वर जाऊन एकटीनं पडून राहण्यापेक्षा ते बरं होतं.

सगळं जोडून झालं तेव्हा काका परत खुर्ची घेऊन आले. नवऱ्यानं चावी फिरवली. ॲम्पवर हिरवा दिवा लागला. रेडिओवर बाजारभाव चालू होते. "कांदा, लाल," असं निवेदक म्हणाला आणि त्याचा आवाज डिकीतून असा घुमला की जणू कुणी राक्षस विहिरीत बसून कांद्याचा भाव सांगतोय. मागची नंबरप्लेट थरथरली. काकांना हसू आवरेना. मलाही.

पण इंजिन चालू केलं आणि त्या आवाजामागं एक बारीक किंकाळी यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की वाढायची, सोडला की उतरायची. नवऱ्यानं सगळे स्क्रू पुन्हा आवळले. तशीच. तो पायरीवर बसला, चेहरा पार उतरलेला. मला त्याक्षणी वाटलं की झालं, आता हा परत वर्षभर दारं उघडी टाकून बसणार.

"व्हिडिओत काय सांगतात?" मी विचारलं.

"जाड वायर आणि आवाजाची वायर एका बाजूनं नेली की असं होतं म्हणे. मी दोन्ही उजवीकडनंच नेल्यात. सोपं पडलं म्हणून."

"मग एक डावीकडनं न्या."

"सगळं परत काढावं लागेल."

"काढू."

परत सीट बाहेर, परत गालिचा वर. आवाजाची वायर डावीकडून नेली. अर्थिंगचा बोल्ट काढून बघितला तर तो रंगावर बसलेला. त्यानं पॉलिश पेपरनं घासून खालचा पत्रा चकचकीत केला, मग पुन्हा आवळला. दोन संध्याकाळी गेल्या. यावेळी इंजिन चालू केलं तेव्हा काका नव्हते. किंकाळी नव्हती. कुठलं तरी जुनं भक्तिगीत लागलेलं, त्यातला मृदंग पाठीला येऊन लागत होता. आम्ही पुढं दोघं शेजारी बसून ते संपेपर्यंत ऐकलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी "आवाज" असं ओरडलं तेव्हा त्यानं बटण खाली फिरवलं.

आईला आणायला मैंदर्गीला जायचा दिवस आला. गोळ्या चालू होऊन थोडेच दिवस झाले होते. डॉक्टरीणबाईंनी लांबचा रस्ता इतक्यात नको म्हणून सांगितलं होतं. रिक्षानं स्टँड, स्टँडवरून एसटी, असं मी मनात जुळवत होते. नवरा म्हणाला, "तू चालव की. लायसन आहे तुझ्याकडं."

लायसन होतं. लग्नानंतर कधीतरी त्यानंच होम मैदानावर शिकवलं होतं. त्यानंतर मी गाडी फक्त पार्किंगमध्ये पुढं-मागं केली होती.

"मला जमणार नाही."

"मी शेजारी आहे."

पहाटेची वेळ निवडली, रस्ता मोकळा मिळावा म्हणून. अक्कलकोट रोडला लागेपर्यंत तीनदा गाडी बंद पडली. मागून टेम्पोवाला काहीतरी तेलुगूत बोलून गेला, ते कळलं नाही ते बरंच झालं. पुढं रस्ता रुंद झाला. मी कडेकडेनं, साठच्या आत. शेजारी नवऱ्याचा एक हात हँडब्रेकवर. मी बघितलं, त्याच्या कपाळावर घाम होता. मला माझीच भीती एवढी होती की त्याच्या भीतीला जागाच नव्हती. ऊसवाल्या ट्रॅक्टरच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या पुढं डुलत चालल्या होत्या. मी त्यांच्या मागं मागंच किती तरी वेळ.

"आता काढ," तो म्हणाला.

"नको."

"समोर कोणी नाही. तिसऱ्यावर घे. काढ."

मी काढली. ट्रॅक्टर मागं पडला तेव्हा त्यानं हँडब्रेकवरचा हात उचलला आणि रेडिओ लावला. हळू आवाजात.

भाऊ दारातच उभा होता. गाडीतून उजवीकडून मी उतरतेय हे बघून त्याच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मग धावत जाऊन त्यानं डिकी उघडली, ॲम्पचे स्क्रू हलवून बघितले. "दाजी, तुमी केलं हे? कारागीर नव्हता?" आईला आधी सगळं हातानं चाचपायची सवय लागली होती. तिनं गाडीचं दार चाचपलं, सीट चाचपली, आत बसली. भावानं मुद्दाम आवाज वाढवला. तिनं छातीवर हात ठेवला.

"एद्याग बडीतद," ती कानडीत म्हणाली. छातीत वाजतंय. "कमी माड, बारीक कर. माझा डोळा काढायच्या आधी जीव काढताय काय?"

परतीला वळसंगच्या अलीकडं चहाला थांबलो. आई गाडीतच बसली. आम्ही बाहेर बाकड्यावर. माझे हात अजून स्टिअरिंग धरल्यासारखे वळलेले होते, कप नीट धरता येईना.

"राग आहे अजून?" त्यानं विचारलं. कशाचा ते त्यानं सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "आधी झोपते एकदा नीट. मग सांगते."

तो हसला नाही, दुखावलाही नाही. "बरं," म्हणाला, आणि माझा कप स्वतःच्या हातात धरून मला पाजावा तसा पुढं केला. चहावाला बघत होता म्हणून मी तो घेतला.

आईचं ऑपरेशन नीट झालं. ती महिनाभर आमच्याकडं होती. जूनमध्ये त्याला एका औषधांच्या होलसेल दुकानात काम मिळालं, दिवसभर बसून, फिरायचं नाही असं. शहरात तो आता थोडी थोडी गाडी काढतो, सकाळच्या वेळी, मला शाळेपर्यंत. लांबचा रस्ता माझ्याकडं. शिकवण्या चालूच आहेत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही भर दुपारी घरी पोचलो. मी गाडी पार्किंगमध्ये घातली, खांबापासून बोटभर अंतर ठेवून. त्यानं आईचा हात धरला आणि तिला एकेक पायरी सांगत जिना चढवून नेलं. मला उतरायचं होतं. चावी काढली होती, दार उघडलं होतं, एक पाय बाहेर होता. पण उठवेना.

थोड्या वेळानं तो खाली आला. मला तशीच बसलेली बघितली. डिकीतून आईची पिशवी काढली, माझी पर्स खांद्याला लावली.

"चल," म्हणाला.

"दोन मिनिटं."

तो उभा राहिला. मग पिशव्या खाली फरशीवर ठेवल्या, गाडीला वळसा घालून आला आणि पलीकडच्या सीटवर येऊन बसला. काका दारात येऊन काहीतरी विचारणार होते. आम्हाला बघून आत गेले. इंजिन थंड होताना टक टक आवाज करत होतं. मी डोळे मिटले.